दुरुस्तीची पिशवी चारशे ग्रामांवरून खाली कशी आणू? (भीमाशंकर ते कळसूबाई, ९ दिवस)

घाटवाट · ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं भीमाशंकरहून कळसूबाईला चालत निघतोय. आहुपे, ढाकोबा, नाणेघाट, मग माळशेजवरून खिरेश्वर, हरिश्चंद्रगड, पाचनई, कुमशेत, कात्राबाईची खिंड, रतनवाडी, रतनगड, साम्रद, घाटघर आणि शेवटी बारी. नऊ दिवस धरलेत. वाटा, पाणी, गावातली जेवणं ठरलीत, त्याबद्दल हा धागा नाही.

धागा आहे दुरुस्तीच्या पिशवीबद्दल. काल ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर ४१२ ग्राम! उघडल्यावर निघालं काय, तर पप्पांची पक्कड (एकटी १९० ग्राम), चंदेरी टेपचा अर्धा गुंडा, फेविक्विकच्या तीन नळ्या, एम-सील, आहेरात आलेली सुई-दोऱ्याची डबी, मूठभर केबल टाय, तांब्याची तार आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. त्यानं उघडेल असा एकही स्क्रू माझ्या सामानात नाही.

हेच सगळं घेऊन दोन वर्षांपूर्वी राजगड-तोरणा केला होता. संजीवनी माची उतरून तोरण्याच्या धारेला लागलो आणि उजव्या बुटाचा सोल पुढून आ वासून मोकळा झाला. फेविक्विकच्या दोन नळ्या ओतल्या, दाबून धरलं, चिकटला. वीस मिनिटांनी पहिल्याच उतारावर 'टक्' आवाज, परत आ. टेप गुंडाळली, ती दगडांवर घासून तासाभरात फाटली. शेवटी मैत्रिणीची ओढणी बुटाला बांधून बुधला माची चढले. मागून येणारा ग्रुप काळजीनं विचारत होता, 'पायाला लागलंय का?'

म्हणजे चारशे ग्राम पाठीवर आणि कामाला आली ओढणी. आता सांगा, काय टाकू आणि काय ठेवू?

आळशी_भटका · ९ नोव्हेंबर, रात्री १०:५८

वाचतोय. माझ्या दुरुस्तीच्या पिशवीचं वजन शून्य ग्राम आहे, कारण मी नेहमी तुमच्यासारख्यांबरोबर जातो.

डोंगरमुंगी · १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ताई, प्रश्न उलटा धरलाय तुम्ही. काय काय मोडू शकतं ते आधी लिहा, मग पिशवी भरा. तंबू आहे का? पोल अॅल्युमिनियमचे की फायबरचे? झोपायला हवेची गादी की फोमची मॅट? स्टोव्ह? पाण्याचा फिल्टर? काठ्या? प्रत्येक वस्तूसमोर 'ही मोडली तर चालणं थांबेल का' एवढंच लिहायचं. नुसती गैरसोय होणार असेल तर घरी आल्यावर बघू. माझ्या यादीत 'थांबेल' असे फक्त तीन प्रकार निघाले होते: बूट, सॅकचे पट्टे आणि अंगावरचं पांघरूण. बाकी सगळ्याला आपण सरावतो.

घाटवाट · १० नोव्हेंबर, सकाळी ९:०२

@डोंगरमुंगी, तंबू नाही. देवळं, गुहा, गावातल्या पडव्या. माझ्याकडे फोमची मॅट, एका मित्राकडे हवेची गादी (हट्टानं). स्टोव्ह नाही, चहापुरतं सरपण मिळतं. फिल्टर आहे. काठ्या दोघांकडे. सॅक जुनी, दोन चेनी कुरकुरतात. बूट नवे, तीन ट्रेक झालेले.

टाकाटीप · १० नोव्हेंबर, दुपारी ३:३०

आमचं कोल्हापुरात बॅगा आणि चेनी दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ट्रेकवाल्यांच्या सॅका दर सोमवारी येतात, तेव्हा काय तुटतं ते आम्हाला पाठ आहे. जरा सविस्तर लिहितो.

पक्कड कशाला नेताय? चेनीचा रनर दाबायला, हो ना? मग ते काम आत्ता घरी करा. चेन लावल्यावर मागून उघडत जाते तेव्हा लोक म्हणतात दात गेले. दात क्वचित जातात. रनर रुंदावतो, दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत दाबून बसवायची त्याची ताकद संपते. आधी जुन्या टूथब्रशनं चेनीतली माती काढा, ती माती म्हणजे कानसच. मग रनरच्या मागच्या टोकाला एक बाजू पकडीनं अगदी केसभर दाबायची, मग दुसरी, मग चालवून बघायचं. जोर लावलात तर ओतीव धातू आहे, कटकन तुटतो. शेवटी मेणबत्ती घासा.

जुनी सॅक असेल तर एक जादा रनर न्या, दोन ग्रामसुद्धा भरत नाही. पण नंबर बघून घ्या. रनरच्या पाठीवर ५, ८, १० असा आकडा असतो. कॉइलच्या (बारीक वेटोळ्यांच्या) चेनीचा रनर जाड प्लास्टिकच्या दातांच्या चेनीला चालत नाही, आकडा तोच असला तरी. बसवताना चेनीच्या टोकाची शिवण थोडी उसवायची, रनर ओवायचा, आणि टोकाला सात-आठ टाके एकाच जागी घालून गाठ करायची म्हणजे तो निसटत नाही.

दोरा: सुती नको, भिजून कुजतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टर, मेण लावलेला. मोच्याकडे मिळतो. डबी नको, शिलाई मशीनची रिकामी बॉबिन घ्या, तीवर दहा मीटर गुंडाळा. सुया दोन: एक जाड नेढ्याची चादरीची सुई, एक छोटं दाभण. दाभणाला टोकावर बुचाचा तुकडा खोचा, नाहीतर सॅकमध्येच नवं भोक. पट्टा तुटला तर धावदोरा घालू नका, एक टाका निसटला की सगळी ओळ उसवते. उलटी टीप घाला, चौकोन करून आत फुली मारा. सॅकच्या कंपन्या पण तीच करतात, बघा खांद्याच्या पट्ट्याजवळ.

बुटाचं वेगळं लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

आळशी_भटका · १० नोव्हेंबर, दुपारी ३:४४

'गिऱ्हाईक आलंय' वर धागा अडकलाय. आम्ही इथे भेळ घेऊन बसलोय.

टाकाटीप · १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

हां. सोल. फेविक्विक सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि बूट दर पावलाला वाकतो. वाकला की काच तडकते, तेच तुमचं 'टक्'. त्याला वाकणारा गम लागतो. मोची जो पिवळसर रबरी गम वापरतात तो: फेविबाँड किंवा एसआर ५०५. पण तो डोंगरात लावायचा गम नाही. दोन्ही बाजू घासून खरखरीत करायच्या, धूळ पुसायची, दोन्हीकडे पातळ हात द्यायचा, आणि मग दहा-पंधरा मिनिटं काही करायचं नाही. बोटाला लागेनासा झाला की एकदाच नेमका बसवून हातोडी मारायची, वरून रात्रभर वजन. लोक ओला असतानाच दाबतात आणि गमाला शिव्या देतात. ओल्या बुटावर, दवात, घाईत हे होत नाही. म्हणून गम घरी. वाटेत फक्त बांधायचं.

आणि तुमचे तीन ट्रेक झालेले बूट निघायच्या आधी मोच्याकडून कडेनं शिवून घ्या. पूर्ण गोल शिवण. आरीनं घातलेला टाका गम सुटला तरी धरून ठेवतो.

कडेकपारी · १० नोव्हेंबर, रात्री ९:२०

वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन, पण एक गोष्ट राहिली. सोल सुटणं आणि सोल *कुजणं* या दोन वेगळ्या भानगडी आहेत. अनेक ट्रेकिंग बुटांत बाहेरचं रबर आणि वरचा बूट यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या दमटपणानं त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात, आणि हे बूट न वापरताही होतं. उलट न वापरलेल्या बुटांत जास्त दिसतं, कारण ते पाच-सहा पावसाळे माळ्यावर बंद खोक्यात घामेजत पडलेले असतात. वरून नवेकोरे. डोंगरात दुसऱ्या दिवशी सोल गळून पडतो आणि आत बघावं तर ओल्या रव्यासारखा चुरा. चुऱ्यावर गम बसत नाही, टाका धरत नाही. ईव्हीए फोमच्या बुटांना हा रोग नाही, ते फक्त चेपत जातात.

तेव्हा बरोबरच्या दोघांचे बूट किती वर्षांचे आहेत ते विचारा. मधल्या थरात अंगठ्याचं नख दाबून बघा. खळगा तसाच राहिला किंवा चिरा दिसल्या तर तो जोडा ट्रेकला नाही.

घाटवाट · १० नोव्हेंबर, रात्री ९:४१

बापरे. विचारते.

सॅनहोजेकर · ११ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

इकडच्या, कॅलिफोर्नियातल्या जॉन म्युर ट्रेलचा अनुभव देतो. योसेमिटी दरीपासून माउंट व्हिटनीपर्यंत (४४२१ मीटर) साधारण ३४० किलोमीटर, आम्हाला २१ दिवस लागले. त्यात अस्वलांपासून अन्न वाचवायचा टणक डबा बहुतेक पट्ट्यात सक्तीचा, तो एकटाच किलोभराचा, त्यामुळे बाकी सगळीकडे ग्रामाग्रामाचा हिशोब.

माझी पिशवी ८५ ग्राम होती. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या. पहिली, टेप गुंड्यानं नेऊ नका, चालायच्या काठीवर मुठीच्या खाली दीड मीटर गुंडाळा, म्हणजे वेगळी जागाच नको. दुसरी, हवेच्या गादीसाठी सायकलचं पंक्चर-सोल्यूशन चालत नाही. ते रबराच्या ट्यूबसाठी असतं, गादीचं कापड नायलॉनचं आणि आतला लेप वेगळा. गादीबरोबर मिळालेले चिकट तुकडे न्या. भोक शोधायला गादी फुगवून साबणाच्या पाण्यानं पुसा, बुडबुडा दिसेल तिथे पेनानं गोल करा, वाळवा, सॅनिटायझरनं पुसा, मग तुकडा. तुकड्याचे कोपरे कात्रीनं गोल करा. चौकोनी कोपरा आधी उचलतो. हे सॅक, जॅकेट, सगळ्याच ठिगळांना लागू.

तिसरी, फिल्टर. त्यातल्या पोकळ तंतूंमध्ये पाणी राहून गोठलं तर तंतू फाटतात आणि बाहेरून काही कळत नाही. त्याची दुरुस्तीच नाही. थंडीत रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, तान्ह्या बाळासारखं.

एक सोय मात्र तुमच्याकडे आहे आणि आमच्याकडे नव्हती: गावं. आम्ही अर्ध्या वाटेवरच्या एका रँचवर स्वतःच्या नावाची बादली आधी पाठवून ठेवली होती, त्यात जादा नाड्या आणि टेप. तिथून पुढे व्हिटनीपर्यंत वाटेवर काहीच नाही.

डोंगरमुंगी · ११ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

गावांचा मुद्दा लाखमोलाचा. सह्याद्रीत दर मुक्कामी सुतळी, तार, विळा मिळतो. मिळत नाही ते तुमच्या वस्तूचं खास असेल तेवढंच. बकल, रनर, गादीचा तुकडा. तेवढंच न्यायचं.

हिमालयात हे गणित बदलतं. पिन-पार्वती खिंडीला (५३१९ मीटर) मानतलाई तळ्याच्या पुढे माणूस दिसत नाही थेट मूद गावापर्यंत. तिथे आमचा तंबूचा पोल वाऱ्यानं मोडला. पोलपेक्षा जरा रुंद, वीतभर लांबीची नळी असते, ती मोडल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना टेप मारायची. आमची नळी खालीच राहिली होती. दोन खुंट्या मोडल्या भागाच्या दोन बाजूंना धरून टेपनं करकचून बांधल्या, हाड मोडल्यावर बांबूच्या कामट्या बांधतात तशा. तीन रात्री निभावलं. बोटं इतकी गारठली होती की टेपचं टोक सोडवायला दात लागले. तेव्हापासून टेपचं टोक नेहमी दुमडून ठेवतो.

आणि विमानानं जात असाल तर तो रबरी गम नेऊ नका, ज्वालाग्राही आहे. चाकू, ब्लेड चेक-इनच्या बॅगेत.

फेविक्विकप्रेमी · ११ नोव्हेंबर, दुपारी १:१०

फेविक्विकला सगळे का झोडपताय? काठीचं लॉक, चष्म्याची दांडी, बकलचा तुकडा, सगळं मी त्यावर चालवलंय. पाच रुपयांची नळी, वजन नाहीच.

टाकाटीप · ११ नोव्हेंबर, दुपारी १:३५

न वाकणाऱ्या वस्तूला चालतोच की. फक्त सुती कपड्यावर सांडू नका. कापसाशी त्याची अशी गट्टी जमते की चटका बसेल इतका गरम होतो, आमच्या पोराच्या मांडीवर डाग आहे. आणि एकदा उघडलेली नळी संपली समजा.

मैयाकिनारी · ११ नोव्हेंबर, रात्री ८:००

नर्मदे हर. मी परिक्रमा पायी केली आहे, त्या हिशोबानं लिहिते. ट्रेकिंगचं मला कळत नाही. माझ्याकडे दुरुस्तीचं सामान म्हणजे पदराआड चार सेफ्टी पिना, एक सुई आणि एक जादा नाडी. आईची सवय, मंगळसूत्राला नेहमी पिना अडकवलेल्या. झोळीचा बंद तुटला तर पिन, चपलेचा अंगठा निघाला तर पिन, काटा रुतला तरी पिनच. काटा काढायच्या पिनेचं टोक आधी काडीनं तापवून घ्यायचं. मैया ओलांडायची नसते, त्यामुळे पलीकडच्या काठावर मोठं गाव दिसत असलं तरी तिथल्या दुकानाचा उपयोग नाही. जे आहे त्यात भागवायचं.

कुसळांचं कोणी लिहिलं नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, मोजे कुसळांनी भरतात आणि हातानं निघत नाहीत. भुवया कोरायचा चिमटा ठेव बाळा.

घाटवाट · ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

काकू, चिमटा! गेल्या वेळी एक मोजा कुसळांपायी फेकून दिला होता.

तर नवी पिशवी, जुन्या चष्म्याच्या मऊ थैलीत: बॉबिनवर दोरा आणि दोन सुया, ८ ग्राम. रनर एक, २. चिमटा, ११. सेफ्टी पिना सहा, ४. कमरपट्ट्याचं बकल, न शिवता बसणारं, ज्याच्या दांडीला खाच असते ते, १४. गादीचे चिकट तुकडे, ३. अर्धं ब्लेड पुठ्ठ्यात, १. केबल टाय चार, ५. फेविक्विक एक, २ (प्रेमींसाठी). तीन मीटर बारीक दोरी, १३. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगा सहा, २६. टेप काठीवर, ती मोजत नाही. बेरीज ८९.

पक्कड पप्पांना परत केली. ते म्हणाले, 'मी कधीची शोधतोय.' दोन्ही चेनी काल रात्री घरी दुरुस्त केल्या, टूथब्रशनं निघालेली माती बहुतेक अजून तोरण्याचीच होती. बूट मोच्याकडे आहेत.

कडेकपारी · ११ नोव्हेंबर, रात्री १०:३२

आणि मित्रांचे बूट?

घाटवाट · ११ नोव्हेंबर, रात्री १०:३६

एकाचे गेल्या वर्षीचे. दुसरा म्हणतो 'एकदम नवीन आहेत, एकदाच वापरलेत.'

कडेकपारी · ११ नोव्हेंबर, रात्री १०:३७

कधी घेतलेत?

घाटवाट · २५ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

कळसूबाई झालं! धागा वर काढतेय कारण हिशोब द्यायचाय.

दुसऱ्या दिवशी, ढाकोबाच्या अलीकडे, मित्र विसाव्याला बसला तो नेमका माझ्या सॅकच्या बकलवर. दोन तुकडे. नवं बकल खाचेतून पट्टा सरकवून बसवलं, चहा उकळायच्या आत काम झालं. चौदा ग्राम वसूल.

हरिश्चंद्रगडाच्या गुहेत रात्री उंदरानं सॅकचा वरचा खिसा कुरतडला. चूक माझीच, आत चिवडा होता. आतून-बाहेरून टेप, कोपरे गोल. बारीपर्यंत एकही कोपरा उचलला नाही. हवेच्या गादीला पहिल्याच रात्री बाभळीचा काटा. ओढ्यावर साबण लावून भोक शोधलं, तुकडा लावला, टिकला. पण मालक आता फोमच्या मॅटचे भाव बघतोय. चिमटा रोज संध्याकाळी, तिघांत फिरत. फेविक्विक, केबल टाय, रनर यांना हात लागला नाही.

आणि बूट. पाचनईहून कुमशेतला येताना 'एकदम नवीन' बुटांचा डावा सोल टाचेकडून सुटला. आत रवा. कडेकपारी, अगदी ओला रवा. सहा वर्षं माळ्यावर होते, हे तेव्हा कबूल केलं. कुमशेतमध्ये ज्यांच्याकडे जेवलो त्या आजींनी पोती शिवायचं भलंमोठं दाभण आणि सुतळी आणून दिली, स्वतः बसून टाका घालून पाहिला. टाका ओढला की थर चिरत बाहेर. आजी म्हणाल्या, 'याला काय शिवायचं, हे तर सडलंय.' मग ट्यूबच्या रिंगा, तीन चवड्यावर आणि दोन टाचेपुढच्या खोलगट भागावर, तिथे दगडाला घासत नाहीत. वरून दोरी घोट्याला आठाच्या आकड्यात. कात्राबाईची खिंड चढून उतरून रतनवाडीपर्यंत तसाच आला. चवड्यावरच्या दोन रिंगा तुटल्या, खोलगट भागावरच्या दोन्ही शाबूत. तिथून तो जीपनं राजूरला गेला, बाजारात कॅनव्हासचे बूट घेतले आणि थेट बारीत आम्हाला भेटला. रतनगड त्याचा हुकला. अजून बोलत नाही नीट.

माझे बूट? मोच्याच्या शिवणीचा एक टाकाही हललेला नाही.

टाकाटीप · २५ डिसेंबर, रात्री ८:०५

त्या मोच्याला फोटो नेऊन दाखवा. आम्हाला कोणी परत येऊन दाखवत नाही.

मैयाकिनारी · २५ डिसेंबर, रात्री ८:३०

आजींचं दाभण परत दिलं ना?

घाटवाट · २५ डिसेंबर, रात्री ८:४१

दिलं काकू. माझ्याकडची चादरीची सुईपण त्यांनाच दिली. त्यांच्या सुईचं नेढं तुटलं होतं.

आळशी_भटका · २५ डिसेंबर, रात्री ९:१०

म्हणजे आजींना नेढं मिळालं आणि मित्राचं रतनगडाचं नेढं (माथ्यावरचं कातळातलं आरपार भोक) गेलं. बरं, पुढच्या ट्रेकला कधी निघताय? माझे बूटपण एकदम नवीन आहेत.